कामरेजच्या गोदामातली वाटी

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. आमचं बौद्ध घर. नवस, अंगारा, लिंबू-मिरची... सगळं वडिलांनी कधीच उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. बायको म्हणायची, “तुमच्यासमोर भूत आलं ना, तर तुम्ही त्याचं रेशनकार्ड मागाल!” तर असा मी, आणि तरी आज हे लिहायला बसलोय.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सुरतेत नवागामला आमचं दोन खोल्यांचं घर, भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमची शेड. माझे वडील, अप्पा, धुळ्याकडून येऊन आयुष्यभर लूमवर राबले आणि कान गमावून बसले. ठार बहिरे. त्यांना बोलवायची आमची घरची रीत होती — लाटण्याने फरशी ठोकायची. अप्पा कायम अनवाणी, तळपायाला हादरा लागला की उठून यायचे. शेजारी लूम धडधडत असले तरी तेवढा हादरा त्यांना बरोबर वेगळा कळायचा. माझी बायको शोभा दोनदा पटकन आणि मग जरा थांबून एकदा ठोकायची. तेवढ्यावरून अप्पा सुनेला ओळखत.

उधन्याला माझं छोटं दुकान होतं. बुद्धमूर्ती, अगरबत्ती, मेणबत्त्या. तेव्हा शहरात ध्यानाच्या क्लासचं पेव फुटलं होतं आणि बायका येऊन ‘सिंगिंग बाउल’ मागू लागल्या. काठावरून लाकडी दांडा फिरवला की घुमत राहते ती जाड धातूची वाटी. सुरतेबाहेर कामरेजला एका शेठच्या गोदामात घाऊक भावात मिळते असं कळलं, म्हणून निघालो. शोभाला सातवा महिना लागला होता. मी म्हटलं, अप्पांना घरी राहू दे. पण तीच म्हणाली, “दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हो. न्या त्यांना, तेवढंच फिरणं.”

गोदामात माल वजनावर विकायचे, पण गिऱ्हाईक वाजवून बघणारच. मी दांड्याने टोला द्यायचा आणि अप्पांनी वाटी तळहातावर धरायची — तडकलेली वाटी हातात नीट थरथरत नाही, वळवळते म्हणे. कानवाला मी, आणि पसंती बहिऱ्याची! शेठला भारी गंमत वाटत होती.

एक काळपट वाटी अप्पांनी हातात घेतली. मी अजून दांडा उचललाही नव्हता. अप्पांचा चेहरा बघता बघता उतरला.

“सून बलाई ऱ्हायनी,” ते म्हणाले, म्हणजे सून बोलावतेय. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा, सगळं गोदाम वळून बघायला लागलं. “चाल, घर चाल!”

मी हातानेच खूण केली — काहीतरीच काय अप्पा! त्यांनी वाटी माझ्या तळहातावर आदळली.

...आणि वाटी थरथरत होती. आवाज अजिबात नाही. दोन हादरे पटकन, मग जरा थांबून एक. पुन्हा तसेच. पुन्हा!

“अरे, काका को चक्कर आया क्या?” शेठने विचारलं. मी वाटी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, “शुं छे आमां? कुछ भी तो नहीं.” त्याला काहीच लागत नव्हतं. परत माझ्या हातात आली, की सुरू.

आम्ही वाटीसकट बाहेर धावलो, मिळेल ती रिक्षा धरली. वाटेभर ती माझ्या मांडीवर ठोके देत होती. अप्पा एकच बोलत होते, “बेगी चाल, बेगी.” आमच्या गल्लीत वळलो आणि वाटी गप्प झाली. काय भीती वाटली म्हणून सांगू!

दाराला आतून कडी. अप्पांनीच खांदा मारून ती तोडली. शोभा ओट्याखाली पडलेली, बेशुद्ध, साडी रक्ताने भिजलेली, हातात लाटणं. शेजारी लूम धडाधडा चालू... कोणाला काय ऐकू जाणार?

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून थोडा उशीर झाला असता तर आई आणि बाळ, दोघंही गेली असती.” मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण जगली.

शोभा बोलायला लागल्यावर मी तिला म्हटलं, “खिडकीतून शेजारणीला हाक मारायची ना गं! फरशी काय ठोकत बसलीस?” ती कसंनुसं हसली. “अप्पा घरात नाहीत हे ध्यानातच राहिलं नाही हो. मीच तर पाठवलेलं तुमच्याबरोबर.”

मी तिला वाटीचं सांगितलं. वाटेभर कसे ठोके येत होते, तेही. तिचं हसू विरलं.

“वाटेभर?” ती म्हणाली. “अहो, मी एकदाच ठोकलं. रेडिओवर गाणं चालू होतं, ते संपायच्या आत माझा हातच उचलेना. पुढचं काही आठवत नाही.”

मग कामरेजपासून नवागामपर्यंत ठोकत कोण होतं?

अप्पांना खुणेने विचारलं. त्यांनी शोभाच्या कुशीतल्या पोरीकडे बोट दाखवलं आणि जेवायला निघून गेले. त्यांना यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. मला ते आजही पटत नाही... आणि दुसरं काही सुचतही नाही.