वानखेडेताई आणि ऑफिसचा बरामदा

वानखेडेताई दुसऱ्याच्या घरात शिरल्या की आधी टीव्ही बंद करायच्या आणि मग नमस्कार. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मॅच ऐन रंगात होती. ह्यांनी सरळ जाऊन बटण दाबलं. मी भडकलो. "बाई, बिजलीचं बिल मी भरतो!" तर म्हणतात, "भरा की, काकाजी. आता कमी येईल."

अन्नपूर्णा मंदिराच्या मागे आमची वस्ती, वस्तीला लागून सरकारी शाळा. पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला द्यायचं आणि घरच्या कुणीतरी पोराला जवळ बसवून ते ऐकायचं, अशी एक योजना होती. पुस्तकं सरकारच्या पैशातून यायची. ताई त्या योजनेत घरोघर फिरायच्या, थोडं मानधन मिळायचं. त्यांचे आजोबा महूला फौजेत होते. त्यामुळे की काय, बाईंचे गुडघे दुखायचे पण पाठ कधी वाकली नाही.

मी दुसरीत शाळा सोडली. पंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करून घर चालवलं, कुणापुढे हात पसरला नाही. ताईंना म्हटलं, "मला वाचता येत नाही. नातीला काय शिकवणार?"

"शिकवायला मास्तर आहेत. तुम्ही फक्त ऐका. अडली तर रागवू नका, पुढे काय झालं एवढंच विचारा. ऐकणारा नसेल तर पोर वाचेल कुणासाठी? भिंतीसाठी?"

मग रोज संध्याकाळी माझी नात पिहू आणि मी दारापुढच्या ओटल्यावर. आधी ती चढावर दम लागलेल्या टेम्पोसारखी वाचायची. पण कोल्हा विहिरीत पडला आणि ती थांबली, की मलाच चैन पडायची नाही. सूनबाई आतून ओरडायची, "बाबूजी, पोळ्या थंड झाल्या!" होऊ देत.

पिहू दुसरीत गेली त्या वर्षी योजनेचा पैसा थांबला. का, ते कुणी सांगितलं नाही. नवी पुस्तकं बंद, ताईंचं मानधन बंद. जुनी पुस्तकं पोरांना पाठ झाली. गल्लीच्या तोंडाशी साड्यांचं दुकान असलेले सेठजी म्हणाले, "किताबें मैं दे देता हूँ. बस, पुस्तकावर माझा फोटो लावा." सगळे खूश, मीसुद्धा. ताईंनी सेठजींना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. "तुम्ही भंडारा करा, आम्ही जेवायला येऊ. पण शाळा सरकारची आहे, खर्च सरकारनंच करायचा. उद्या तुमचं मन फिरलं तर आम्ही कुणाला विचारायचं?"

ते गेल्यावर मी ताईंवर तापलो. "पोरं रिकामी बसलीत आणि तुम्हाला अकड सुचते?"

"काकाजी, साबणाच्या वडीवरसुद्धा तुम्ही टॅक्स भरता. आपला पैसा मागायला लाज वाटते, आणि दुसऱ्याचा घ्यायला नाही?"

हे मात्र वर्मी लागलं. त्यानंतर मी त्यांच्या बाजूचा.

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर ताई सगळ्यांना पलासियाला शिक्षण खात्याच्या ऑफिसात घेऊन गेल्या. नारे नाहीत, बॅनर नाही. बरामद्यात चटया घातल्या, प्रत्येक पोराशेजारी त्याची आई, आजी, जो असेल तो, आणि फाटक्या, हळदीचे डाग पडलेल्या पुस्तकांतून वाचन सुरू. साहेब बाहेर आले.

"ये क्या तमाशा है? मॅडम, मानधन बंद झालं म्हणून हे सगळं, है ना?"

"हो साहेब, तेही द्या. फुकट केलं की तुम्ही त्याला कामच म्हणत नाही."

"अरे, घर का पढ़ना घर पे करो!"

"नवी किताब द्या, लगेच जातो."

प्रस्ताव वर पाठवतो, म्हणाले साहेब. "पाठवा," ताई म्हणाल्या. "आम्ही खाली बसलोय."

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही तिथे. चौकीदार आधी हुसकावायचा, मग एका आजीबाईसाठी खुर्ची आणून द्यायला लागला. प्रस्ताव अजून वरच आहे.

थंडीत ताईंनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो तेव्हा चेहरा पार उतरलेला. मी म्हटलं, "आराम करा ताई. पुढच्या वर्षी बघू."

तशाही अवस्थेत फटकारलं मला. "पुढच्या वर्षी तुमची पिहू तिसरीत जाईल. पोरांचं लहानपण काय साहेबांच्या टेबलावर थांबून राहतं?"

त्याच आठवड्यात गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी कुणी जाणार नाही, असंच वस्तीत सगळे धरून बसले होते. मी चटई काखेत मारली, पिहूचा हात धरला आणि निघालो. आम्ही बसलो तशी मागून एकेक येत गेले. थोड्या वेळानं साहेब दारात आले. आवाज नरम होता.

"काकाजी, मॅडम तो चली गईं. अब किसलिए बैठे हो?"

पिहू एका शब्दावर अडली होती. मी म्हटलं, "साहेब, जरा हळू बोला. पोरगी वाचतेय."