अमेरिकन दांडा आणि माझी कानस

आमची बोट कुवेतच्या किनाऱ्याला लागलीच नाही. तिथं तेवढं खोल पाणी नव्हतं. लांबवर नांगर टाकला आणि आम्हाला मचव्यात उतरवलं. मी सांगलीचा, कृष्णेच्या नावेपलीकडे पाणी ठाऊक नसलेला. हत्यारांची पिशवी पोटाशी धरून सगळ्या देवांची नावं घेत बसलो.

किनाऱ्यावर दाऊदभाई उभे होते. दाभोळचे. मुंबईच्या एका गॅरेजात आम्ही बरोबर काम केलं होतं. आता ते इथं एका अमेरिकन कंत्राटदाराकडे सुट्या भागांचं कोठार सांभाळत. त्याचे ट्रक तेलविहिरींवर पाइप पोहोचवत. हा मिस्त्री माझ्या भरवशाचा, असा शब्द देऊन त्यांनीच मला तीन महिने अजमावायला बोलावलं होतं.

तेव्हा शहराभोवतीची मातीची भिंत अजून उभी होती. तिच्या बाहेर, बनेद अल-गारला, त्यांची खोली. जेवायला खुबूस (तंदुरी रोटी) आणि झुबैदीचं (आपलं पापलेट) कालवण, त्यात दाभोळहून आणलेली आमसुलं. मी माळकरी घरातला, पण पहिल्याच दिवशी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवताना दाऊदभाई एकाच गोष्टीवर बोलत. पुढच्या महिन्यात त्यांची रजा होती आणि मुलीचा, सकिनाचा, निकाह. पाच वर्षांत त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

यार्डातले ट्रक बघून मी खुळावलोच. एकेक चाक माझ्या छातीएवढं. तिसऱ्या आठवड्यात एका ट्रकच्या पाण्याच्या पंपात नवा दांडा बसवायचं काम माझ्याकडे आलं. खोक्यातून काढला तर तो घट्ट जात होता. आमच्याकडे नवा भाग म्हणजे निम्मं काम, उरलेलं निम्मं कानशीनं करायचं. घासून बसवतो तोच मिस्त्री. मी पिशवीतून कानस काढली आणि तासभर प्रेमानं घासून दांडा असा अलगद बसवला की मलाच माझं कौतुक वाटलं.

तो ट्रक पाइप घेऊन निघाला आणि अबू हलीफापाशी, खजुरीच्या झाडांच्या अलीकडे, वाफा ओकत बसला. तिकडे विहिरीचं काम पाइपांसाठी खोळंबलं. आम्ही जीपनं पोहोचलो, मागोमाग अमेरिकन फोरमन. त्यानं पंप उघडला. दांडा आत खुळखुळत होता. त्याच्यावरचे कानशीचे ओरखडे दाखवून तो काहीतरी बोलला. मला इंग्रजी येत नव्हतं. दाऊदभाईंनी उत्तर दिलं, फोरमननं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि दोन शब्दांत विषय संपवला.

काय ठरलं, म्हणून मी विचारलं. ते परतीच्या वाटेला लागल्यावर बोलले. "मी सांगितला, मीच घासलाय. तुझी नोकरी राहील. माझी रजा तेवढी गेली."

"आणि सकिना?"

"तिचा काय, निकाह तर होयलच."

हे म्हणताना ते समुद्राकडे बघत होते. 

यार्डात पोहोचताच मी सरळ फोरमनच्या खोलीत शिरलो. बोलायला भाषा नव्हती आणि माझा दुभाष्याच तर खोटं बोलला होता. मी कानस काढली, त्याच्या टेबलाच्या कडेवर घासून दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात मारला. पुन्हा घासली, पुन्हा मारला. तो बघत राहिला. मग उठला, मला कोठारात घेऊन गेला आणि दाऊदभाईंना बोलावलं.

त्यानं तीन खोकी फोडून तीन दांडे माझ्या हातात दिले. तिन्ही सारखे. कुठलाही निवड, असं खुणेनं सांगितलं. मी निवडला, त्यानं तो दाबयंत्रावर एका पंपात धरला आणि एका दाबात तो बसला. दांडा घट्ट जात होता, कारण तो तसाच घट्ट बसावा म्हणून केलेला होता. मग दाऊदभाईंच्या तोंडून त्याचं बोलणं मला कळलं. त्याच्या आजोबांचा मका रस्ता नसल्यामुळे शेतावरच कुजायचा. रेल्वे आली, मका शहरात गेला आणि शहरातून यंत्रं शेतावर आली. कारखान्यानं हजार भाग एकसारखे करायचे आणि ते रेल्वेनं, जहाजानं जगात कुठंही पोहोचवायचे, तिथल्या कुणीही ते न घासता बसवायचे. आमचा देश असा श्रीमंत झाला, असं तो म्हणाला. कुवेतमध्ये सगळे जमिनीतल्या तेलाचं नवल करत होते, मी मात्र त्या तीन खोक्यांकडे बघत राहिलो.

निकाल त्यानं लगेच सांगितला. माझी अजमावणी संपली, येत्या बोटीनं परत. दाऊदभाईंची रजा कायम. जाताना त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. एवढं शिकवून घरी पाठवणाऱ्या साहेबाचा मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही.

आम्ही एकाच बोटीनं परतलो.  मुंबईहून दाऊदभाईंनी मला सांगलीला जाऊ दिलं नाही, किनाऱ्याच्या बोटीनं दाभोळला नेलं.

निकाहच्या दिवशी व्याह्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण? मी काही सांगणार तोच दाऊदभाईंनी माझा दंड धरला.

"ह्यो मिस्त्री," ते भरमांडवात म्हणाले. "ह्याची नोकरी गेली, म्हणून मी आज हिथं हाय."

आतून सकिना बापाला हाक मारत होती. ते धावतच गेले. मी मांडवात उभा राहून डोळे पुसले, आणि नोकरी गेल्याचं सुख काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.