मंजुळाची सोमवारची नाडी

मंजुळाच्या घरी जायचंच, हे सरांशी वाद झाल्यावर पाच मिनिटांत ठरलं. मी नाशिकच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते आणि व्यायामानंतर शरीर किती वेळात सावरतं, यावर पीएच.डी. करते. माझ्या अभ्यासात पेठ तालुक्यातल्या अकरा धावपटू मुली आहेत. मंजुळा त्यांतली सगळ्यात वेगवान, पण महिनाभर दर सोमवारी ती ढेपाळत होती. रविवारी सुट्टी, तरी सोमवारी सकाळी नाडी चढलेली. प्रशिक्षक सरांच्या मते पोरगी टाळाटाळ करत होती. येत्या सोमवारी पुन्हा तेच झालं तर राज्य निवड चाचणीच्या यादीतून तिचं नाव काढणार होते. मला हे अजिबात पटलं नाही. टाळाटाळ करणाऱ्याची नाडी कशाला चढेल?

शनिवारी दुपारी स्कूटी काढली. नाशिकच्या पेठ नाक्यापासून पंचावन्न किलोमीटर, रस्ता चांगला आहे. फक्त कोटंबी घाटात ट्रकच्या मागे गुपचूप राहायचं. करंजाळीला चहा-भजी चाळीस रुपयांत झाली. डिसेंबरात जाणार असाल तर हातमोजे न्या. मी विसरले आणि बोटांची लाकडं झाली. संध्याकाळी मंजुळाच्या आईने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. मी दीड भाकरीवर थांबले, तर शहरातली माणसं पाखरासारखी खातात असं म्हणून त्यांनी अजून अर्धी वाढलीच.

जेवणानंतर मंजुळाची वही पाहिली. माझ्या अभ्यासासाठी मुली रोज झोप, भूक, अंगदुखी, व्यायाम लिहितात. प्रत्येक रविवारपुढे तिच्या सुवाच्य अक्षरात एकच नोंद होती: व्यायाम नाही, आराम. मग चुकतंय कुठे? उद्या तिच्यासोबत आरामच करून बघू, असं म्हणून मी झोपले.

पहाटे पाचला दाराशी पिकअपचा हॉर्न वाजला. मंजुळा डोक्याला स्कार्फ बांधून, डबा घेऊन तयार उभी होती. दिंडोरीकडे द्राक्षबागेत डिपिंगला निघाली होती, दर रविवारी जायची.

"अगं, वहीत तर आराम लिहितेस," मी म्हणाले.

"त्या दिवशी पळत नाय ना मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "हे तर काम हाय."

मीही पिकअपमध्ये चढले. बावीसएक माणसं, बसायला जागा नाही, आणि पुन्हा तोच घाट, या वेळी उलट्या दिशेने, उभ्याने.

डिपिंग म्हणजे मांडवाला लटकलेला एकेक कोवळा घड औषधाच्या मगात बुडवायचा. हात कायम डोक्याच्या वर. अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले, दुपारी मान वळेना. मंजुळाने अख्खा दिवस ते केलं. माझं माहेर याच पट्ट्यातलं, मी द्राक्षांच्या मांडवाखाली वाढले. पण असे हात वर धरून कधी तासभरही काढला नव्हता. मला लाज वाटली.

सोमवारी सकाळी ती अंथरुणात असतानाच नाडी मोजली. नेहमीपेक्षा सोळाने जास्त. मैदानावर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग बागेत जाणं बंद कर.

मंजुळा मातीकडे बघत म्हणाली, "घड थांबत नायत सर. अजून दोन रविवारचंच काम हाय."

मी हटले नाही. रविवार सगळ्यात कष्टाचा दिवस धरा, सोमवारी आराम द्या, धावण्याची वेळ बुधवारी घ्या, म्हटलं. बुधवारी मी स्वतः येते. सर थोडं पुटपुटले, पण स्टॉपवॉच खिशात गेलं.

बुधवारी रजा टाकून पुन्हा घाट चढले. मंजुळा या मोसमातल्या तिच्या सगळ्यात चांगल्या वेळात धावली. सरांनी वेळ दोनदा बघितली. नाव यादीत राहिलं.

घरी आल्यावर आधी वही बदलली. 'व्यायाम'च्या शेजारी आता 'काम' असा रकाना आहे. मग दिंडोरीला दादाला फोन लावला आणि आपल्या बागेत डिपिंगला कोण येतं, ते विचारलं. पेठकडचीच माणसं, दरवर्षीची, चांगली आहेत, म्हणाला.

"आणि त्यांची सुट्टी कधी असते रे?"

"सुट्टी? मला काय माहीत," दादा म्हणाला. "रविवारी तर आपल्याकडेच असतात."

इतकी वर्षं मला तरी कुठे माहीत होतं. येत्या रविवारी दादाच्या बागेत जातेय. जेवणानंतर सगळ्यांना तासभर आडवं होऊ देईन, असं त्याच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय परतणार नाही.