डोरिसची जेली

ती जेली नव्हती, कुंकू होतं. आणि बोट माझं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या रेकॉर्ड्स ऑफिसात होतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं. अर्ज केला की प्रवेश. पुढच्या शिक्षणासाठी स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, आणि तिथे मात्र जागा मोजक्या. आमचं काम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कांचा अधिकृत तक्ता, पाकिटात बंद करून द्यायचं. पाकिटाच्या तोंडावर बॉसची सही आणि शिक्का. तिथे जरा गडबड दिसली की पाकीट बाद. आतल्या कागदाला विद्यार्थ्याने हात लावला तरी बाद.

शुक्रवार होता. उषाकाकू धापा टाकत आल्या. मूळ नागपूरच्या, वय त्रेचाळीस. दोन मुलं सांभाळून सगळ्या विषयांत ए मिळवलेला. फार्मसीला जायचं होतं. डेडलाइन त्याच दिवशी पाच वाजता, म्हणून पाकीट त्या स्वतःच ड्राइव्ह करून नेणार होत्या. या खेपेला चुकलं तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

मी कागद पाकिटात घालणार, तेवढ्यात त्यांनी पर्समधून डबी काढली.

"अरे दिलीप, कोपऱ्यांना कुंकू लाव."

"काकू, हा ऑफिशियल कागद आहे!"

"म्हणूनच तर. लग्नाच्या पत्रिकेला लावतोस ना? कोरा कागद घेऊन मी जायची नाही."

"मग तुम्हीच लावा."

"मी हात लावला तर बाद होईल. तूच म्हणालास."

मी डबीत बोट बुडवलं. चारही कोपऱ्यांना लावलं. पाकीट चिकटवलं, बॉसची सही आणली, शिक्का मारला. बोट पुसायचं राहिलं.

साडेचारला बॉसचा, म्हणजे मिसेस हॅरिसनचा फोन वाजला. रिसीव्हरवर हात ठेवून त्या बाहेर ओरडल्या, "युनिव्हर्सिटी म्हणते, माझ्या सहीवर लाल डाग आहे. पाकीट आधीच कुणीतरी उघडलंय म्हणे. घेणार नाहीत. दिलीप, काय आहे ते?"

कुंकू म्हटलं असतं, तर विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून मी रेकॉर्डला रंग लावला असं झालं असतं. काकूंची ॲडमिशन गेली असती. माझं ग्रीन कार्डही कॉलेजच्या कागदांवर अडकलं होतं.

"जेली," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पण सगळ्यांच्या माना शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथे डोरिस बसायची. दर शुक्रवारी सगळ्यांसाठी आत लाल, जॅमसारखी जेली भरलेल्या डोनटचा बॉक्स ती आणायची. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. एक बोट चाटून बघितलं.

"ओ डिअर," ती म्हणाली, "मीच असणार."

मिसेस हॅरिसननी फोनवर सांगितलं, डाग आमच्याच ऑफिसातला, सील आमचंच. पाच वाजायच्या आत पाकीट स्वीकारलं गेलं.

सोमवारी पुन्हा फोन आला. तो झाल्यावर मिसेस हॅरिसन बाहेर आल्या. "डोरिस, आतल्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना जेली होती. चारही! हे जमवलंस कसं?"

डोरिस बराच वेळ विचार करत राहिली. बिचारीला आठवेना.

त्या दिवसापासून ऑफिसात खाणं बंद. शुक्रवारचा बॉक्सही बंद. कडाक्याच्या थंडीतही डोरिस पार्किंगमध्ये गाडीत बसून डोनट खायची, आणि आत येताना मला दोन्ही हात दाखवायची. "क्लीन?" मी मान डोलवायचो.

काकूंना ॲडमिशन मिळाली. पेढे घेऊन आल्या तेव्हा डोरिसने त्यांची माफी मागितली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी पेढा तोंडात टाकला.

सील करण्याआधी हात धुवावेत, हे मी पुढे प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं. का, ते सांगितलं नाही.

डोरिस आता फ्लोरिडात असते. ख्रिसमसला कार्ड येतं, दर वेळी खाली लिहिलेलं असतं: 'डाग नाही, तपासून पाहा.' तिला एक वाक्य सांगायचं माझं अजून बाकी आहे. डोरिस, ती तुझी जेली नव्हती.