पेशींसाठी प्लॉट

आमच्या घरात जागा निवडायची म्हटली की सगळ्यांच्या अंगात येतं. सासरे मूळचे पनवेलजवळच्या एका गावातले शेतकरी. शेत विमानतळात गेलं, बदल्यात प्लॉट मिळाला, आणि तेव्हापासून नात्यातला कुणीही बाबांना विचारल्याशिवाय जागा घेत नाही. त्यामुळे माझ्या शरीरात पेशी कुठे बसवायच्या हा प्रश्न कामोठ्यातल्या आमच्या हॉलमध्ये आला, तेव्हा तो डॉक्टरांचा राहिलाच नाही.

मला शाळेत असल्यापासून मधुमेह आहे, इन्सुलिनशिवाय न चालणारा. सुयांचं मला काही वाटत नाही. पण पूर्वी साखर उतरायला लागली की हात थरथरायचे, घाम फुटायचा, सावध व्हायला वेळ मिळायचा. हल्ली ते कळेनासंच झालंय. एकदा भाजी घेता घेता मी सरळ टोमॅटोंच्या ढिगावर आडवी झाले. त्या दिवसापासून मला एकटीला बाहेर सोडणं बंद.

नवरा ऑफिसात, म्हणून ही ड्यूटी बाबांकडे आली. संध्याकाळी मी पिशवी घेऊन निघाले की ते थोडं अंतर ठेवून मागे. शर्टाच्या खिशात ग्लुकोजचा पुडा, हातातल्या मोबाईलवर माझ्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा. मी वळून पाहिलं की ते रिक्षा शोधत असल्यासारखं करायचे. मला संताप यायचा. चाळिशीतल्या बाईवर पहारा! एकटीनं बाजारात जावं, हवं तिथे रेंगाळावं, एवढंच मला हवं होतं आणि तेवढंच मिळत नव्हतं.

म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीरात बसवण्याबद्दल सांगितलं, तेव्हा मी खुर्चीतच पुढे सरकले. उपचार अजून अभ्यासाच्या पातळीवर होता. दोन अभ्यास सुरू व्हायचे होते, एकात पेशी यकृतात सोडणार, दुसऱ्यात त्वचेखाली ठेवणार. गोळ्या दोन्हीकडे घ्याव्या लागणार, नाहीतर शरीर परक्या पेशींना हाकलून देतं. "कुठल्यासाठी तयार आहात ते घरी बोलून सांगा," डॉक्टर म्हणाले. घरी बोलून! त्यांना आमचं घर माहीत नव्हतं.

नवऱ्याने कागदावर माणूस काढला. तो बटाट्यासारखा दिसत होता. बाबांनी चष्मा लावला.

"पानी कुटं चांगलं हाय?"

"पाणी म्हणजे रक्त ना? यकृतात भरपूर," नवरा म्हणाला. "शिरेतून पेशी सोडल्या की तिथे जाऊन बसतात. त्वचेखाली रक्त कमी. तिथे आधी बारीक नळी काही दिवस ठेवायची, तिच्याभोवती रक्तवाहिन्या तयार झाल्या की नळी काढून पेशी ठेवायच्या."

"म्हंजे आदी बोअर मारा, मंग घर बांदा. कशाला ती कटकट? लिवर घ्या. मेन रोडचा प्लॉट हाय तो."

मी खूप हसले, पण माझंही मत तेच होतं. यकृताचा अनुभव डॉक्टरांकडे जास्त होता आणि मला थांबायचं नव्हतं. उद्याच फोन करून सांगायचं ठरलं. नवरा कागदाची घडी करत होता, तेवढ्यात बाबांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला.

"आनि नाय जमलं तर? काढता येतील?"

"त्वचेखालच्या काढता येतील. यकृतातल्या नाही. त्या आत पसरून जातात."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी मी निघाले, ते मागे होतेच. डोक्यावरून विमान गेलं. थोड्या वेळाने पाहते तर ते माझ्या बरोबरीने चालत होते. असं कधी झालं नव्हतं.

"जमीन दिली तवा समद्यांनी हेच सांगितलं, भाव चांगला हाय," ते म्हणाले. "भाव चांगलाच व्हता, नाय म्हनत नाय. पन आता मूठभर भात लावायला जागा मागितली तर मना कोन देल? पोरी, परत घेता येल असं दे."

 या माणसावर मी रोज चिडत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना त्वचेखालच्या अभ्यासासाठी नाव घ्यायला सांगितलं. वेळ लागेल, निवड होईलच असं नाही, आणि झाली तरी पेशी तिथे तग धरतीलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी मी घरी आले ती पेढे घेऊनच. पेढे बाकीच्यांसाठी, मला त्यातला चतकोर.

बाबांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्या दंडाकडे, पोटाकडे जागा पाहायला आल्यासारखं बघून मान डोलावली. मग पायांत चपला घालता घालता सहज विचारावं तसं विचारलं, "पेशी लागल्या, तर मंग संद्याकालचा मी कुटं जाऊ?"

मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. पूर्वी याच वेळी ते शेतावर चक्कर मारायला निघत. शेत गेल्यावर त्यांना संध्याकाळी जायला माझ्या मागे येणं एवढंच उरलं होतं.

मी भाजीची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"बाजारातच यायचं," मी म्हटलं. "पण मागून नाही. बरोबर चालायचं."