कचेरीतली पाच मिनिटं

ज्याच्याबरोबर मला सिनेमा शिकावा लागला, तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी आवडले नाही. इतक्या वर्षांनी यात काही फरक पडलाय असं मी म्हणणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानांच्या ओळीत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर सिनेमा शिकवणारा वर्षभराचा वर्ग चाले. खाली गुळाच्या ढेपा, वर फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा उग्र वास. हंगामात माश्या जिना चढून वर येत आणि नुकत्याच केलेल्या ओल्या जोडावर बसत. वर्गात आम्ही बारा जण होतो आणि मी एकटीच मुलगी. बी.ए. होऊन नोकरी लागत नव्हती, स्थळं येत होती आणि परत जात होती. त्या मधल्या काळात घरात बसून राहण्यापेक्षा बरं, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्गाला जायची परवानगी दिली. ते जिल्ह्यातल्याच एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते.

शिकवणारे सर पूर्वी एका स्टुडिओत संकलनाचं काम करायचे. स्टुडिओतली कामं आटली आणि सर इथं आले. आम्ही त्यांच्या घरात न विचारता घुसलोय, अशा नजरेनं ते आमच्याकडे बघत. पहिल्याच तासाला म्हणाले, "तुमच्यातला एकही शिकणार नाही. फी भरलीय, तेव्हा बसा." कुणाच्या हाताचा ठसा फिल्मवर दिसला की ते ती पट्टी त्याच्या तोंडासमोर धरत आणि तो ओशाळेपर्यंत तशीच धरून ठेवत.

दोघादोघांनी मिळून एक सिनेमा करायचा होता. अकरा मिनिटांची कच्ची फिल्म मिळणार, तीतून पाच मिनिटांचा मूकपट करायचा. सगळ्यांनी आपापल्या जोड्या जमवल्या. शेवटी दोघंच उरलो, मी आणि बिद्रीच्या बाजूच्या एका खेड्यातून सायकलनं येणारा, कुणाशी धड न बोलणारा एक मुलगा. सर म्हणाले, "हिला कुणी घेईना, ह्याला कुणी घेईना. बसा एकत्र."

त्याला उसाच्या तोडणीवर सिनेमा करायचा होता. मला घरून खेड्यात जायची परवानगी नव्हती, म्हणून मी सरळ नाही म्हणाले. "मग कशावर करायचं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, माझ्या वडिलांच्या कचेरीवर करू, तिथं परवानगी मिळेल. त्यानं कचेरी कुठली ते विचारलं. मी सांगितलं. तो हातातलं फिल्मच्या डब्याचं झाकण फिरवत राहिला. मग म्हणाला, "चालतंय की." इतक्या सहज तो कधीच कशाला कबूल होत नसे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चित्रीकरण तीन दिवस चाललं. अण्णांनी तिन्ही दिवस इस्त्रीचा शर्ट घातला, शिपायाकडून दप्तरावरची धूळ झाडून घेतली, माझ्या जोडीदाराला खुर्ची दिली, चहा पाजला. तो खुर्चीत बसला नाही. कॅमेरा त्याच्याकडे होता. मी प्रकाश मोजायची आणि कुठलं दृश्य किती सेकंद घेतलं ते वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात एक म्हातारी खांबाला टेकून उभी होती. तिनं मला विचारलं, "फोटू कशापायी काढताय, बाई?" मी सांगितलं. तिचा मुलगा अर्जाला लावायचं कोर्ट फीचं तिकीट आणायला कोर्टाच्या बाजूला गेला होता, तो आला की काम होणार होतं. अर्ध्या तासात तो आला आणि काम झालंही. त्या अर्ध्या तासात माझ्या जोडीदारानं तिच्यावर बरीच फिल्म घालवली. मी कुरकुर केली तर म्हणाला, "तुमी वही लिवा."

फिल्म धुऊन आली आणि पहिली जोडणी मी केली. अण्णा सही करतायत, शिक्का मारतायत, दप्तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातंय, लोक कागद घेऊन बाहेर पडतायत. सरांनी ती पाच मिनिटं पाहिली आणि यंत्र बंद केलं. "हा काय निरोप समारंभ आहे?" त्यांनी विचारलं. बाकीची मुलं हसली. माझा जोडीदार हसला नाही. तो म्हणाला, "सर, मला एक दुपार द्या."

पुढच्या आठवड्यात त्याची जोडणी लागली. अण्णा बशीत चहा ओततात. म्हातारी उभी आहे. घड्याळात अकरा वाजलेत. अण्णा शेजारच्या कारकुनाशी बोलताना हसतात. म्हातारी पाय बदलते. घड्याळात दोन. अण्णा बशी तोंडाला लावतात. म्हातारी खांबाला धरून हळूहळू खाली बसते. मग अण्णांची रिकामी खुर्ची, पाठीला अडकवलेला टॉवेल, आणि संपलं.

चहाचं दृश्य पहिल्या दिवसाचं होतं. घड्याळ तिसऱ्या दिवसाचं. म्हातारी दुसऱ्या दिवसाची. माझ्याच वहीत ते सगळं माझ्याच अक्षरात होतं. पण भिंतीवर पाहताना मला स्वतःलाच त्या माणसाचा राग आला, आणि तो माणूस माझा बाप होता.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "ती बाई अर्धा तास उभी होती. मुलाची वाट बघत होती."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"मग?"

"माझा बा नऊ येळा गेलता त्या कचेरीत. जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावायला. नऊ येळा तुझ्या बापानं त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. तवा तितं कॅमेरा न्हवता. म्हणून त्याच्या जाग्यावर हिला हुबी केली." 'तुमी'चं 'तू' त्यानं त्या दिवशी केलं, ते कायमचं.

मी सरांकडे बघितलं. ते जोड तपासत होते. म्हणाले, "मी खरं-खोटं शिकवत नाही. कापलंय बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी वर्ग भरायच्या आधी तासभर गेले. सरांनी शिकवल्याप्रमाणे हातमोजे घातले, त्याचे जोड एकेक करून सोडवले आणि चहाचे, हसण्याचे, घड्याळाचे सगळे तुकडे काढले. ते कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि घरी आले. चोरी करतेय असं मला मुळीच वाटलं नाही. माझंच काहीतरी परत घेतलंय असं वाटलं.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. सायकल भिंतीला लावल्याचा आवाज मी आतून ऐकला. दार अण्णांनी उघडलं. मी मधल्या दाराच्या पडद्याआड उभी होते. तो काही बोलायच्या आतच अण्णा म्हणाले, "घरी कशाला आलास? उद्या कचेरीत ये." आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस ज्याला खुर्ची दिली, चहा पाजला, त्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. पायजमा-सदरा आणि सायकल बघून त्यांच्या तोंडून ते वाक्य आपोआप बाहेर पडलं होतं. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते. जेवताना, पूजा करताना, कुणी दार वाजवलं की आम्ही सगळे ते वाक्य येणार म्हणून गृहीतच धरायचो. आईनं आतून विचारलं, "कोण होतं हो?" अण्णा म्हणाले, "कुणी नाही."

बाहेर तो बराच वेळ थांबला. दार पुन्हा वाजवलं नाही. मग सायकल निघून गेली. मी पळत जाऊन त्याला गाठलं असतं तर गोष्ट चांगली झाली असती. मी गेले नाही. मला त्याची दया आली नव्हती. तो बरोबर निघाला याचाच मला संताप आला होता.

सकाळी मी सगळे तुकडे त्याच्यापुढं टेबलावर टाकले.

"काल अण्णांनी तुला ओळखलं नाही," मी म्हणाले.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. आभार मानायचा प्रश्नच नव्हता. तो पट्ट्या उजेडात धरून बघायला लागला, कुठं ओरखडा पडलाय का ते.

"ह्याच्यावर माझं नाव घालू नकोस."

"घालणार. कचेरी तू दिलीस. वही तू लिवलीस. आता सुटका न्हाई."

मी खुर्ची ओढली. एवढे सगळे जोड एका दिवसात पुन्हा बसवायला दोन माणसं हवीच होती, म्हणून आम्ही बसलो. दिवसभरात आम्ही कामापुरतं बोललो. एका ठिकाणी मी त्याला सांगितलं, म्हातारी खाली बसते ते दृश्य लवकर कापतोयस, तिचा हात खांबावरून सुटेपर्यंत थांब. त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं, पण थांबला. ते दृश्य त्यामुळं जास्त वाईट झालं, म्हणजे अण्णांसाठी जास्त वाईट. माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी ते सांगितलं, कारण ते तसंच असायला हवं होतं.

वर्षाअखेरीला सगळे सिनेमे एका शाळेच्या सभागृहात दाखवले. अण्णा कचेरीतल्या दोघांना बरोबर घेऊन आले, कारण मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्या मिनिटाला, पडद्यावर स्वतःला बघून ते शेजारच्याच्या कानात काही बोलले. मग पुढं झुकून बघायला लागले. मागे कुणीतरी शिवी हासडली. कुणाला ते उघडच होतं. दिवे लागल्यावर अण्णा उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कापलं कुणी हे?"

सर खिडकीबाहेर बघत होते. माझा जोडीदार उठायला लागला. मी आधी उठले.

"दोघांनी," मी म्हणाले.

हे मी त्याला वाचवायला केलं नाही. त्या पाच मिनिटांचं श्रेय त्याला एकट्याला मिळावं हे मला सहन झालं नसतं. शिवाय हात माझेही लागले होते.

अण्णा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "त्या बाईचं काम त्याच दिवशी झालं होतं. मी स्वतः केलं होतं."

"माहीत आहे मला. मी तिथंच होते."

"मग बापाची अब्रू का घालवलीस?"

मी त्यांना त्या मुलाच्या वडिलांच्या नऊ खेपा सांगितल्या. नाव लावायचं काम, उद्या ये, पुन्हा उद्या ये. मी सांगत असताना त्यांचा घास हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "कोण मुलगा?"

आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, पुरे म्हणून. मी ताट उचललं आणि आत गेले.

पुढं व्हिडिओ आला. मी दोन यंत्रं एकमेकांना जोडून लग्नाच्या कॅसेटी कापायला लागले आणि त्यावर माझं बरं चाललं. अण्णांनी त्यातली एकही पाहिली नाही. ते निवृत्त झाले, त्या दिवशी नेहमीच्याच वेळेला घरी आले, हार काढून खुंटीला लावला आणि पेपर वाचत बसले. त्या मुलाला कुठल्याशा साखर कारखान्यावर नोकरी लागली असं ऐकलं. सिनेमाचं पुढं त्यानं काही केलं नाही. एकदा मलकापूरच्या स्टँडवर तो मला दिसला. कडेवर लहान मुलगी होती. त्यानं मला ओळखलं, मीही त्याला ओळखलं. दोघांनीही मान वळवली, आणि माझी गाडी आली तेव्हा मी चढले.