मे महिन्यात वक्र्याच्या समुद्रावर

समुद्रावर जायचं ते मे महिन्यात, हे आमच्या नाशिकच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. शाळांना सुट्टी असते आणि गुहागरला मामेबहीण असते. त्यामुळे आमच्या ह्यांनी दोह्याहून ट्रंककॉलवर सांगितलं, "डिसेंबरमध्ये ये, तेव्हा हवा महाबळेश्वरसारखी असते," तेव्हा मी चक्क हसले. डिसेंबरात आमच्या शाळेचं गॅदरिंग. समुद्र बघण्यासाठी मी मुलींचे नाच बसवायचं सोडू की काय?

पण प्रश्न नुसत्या समुद्राचा नव्हता. तीन वर्षं एकटं ठेवल्यावर कंपनीने ह्यांना कुटुंबासाठी क्वार्टर देऊ केली होती. हवी की नको, ते जूनच्या आत सांगायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. माझी मास्तरकी सोडून लेकीला, शमाला, घेऊन तिकडे राहायला जायचं की नाही, ते मी बघून ठरवणार होते. म्हणजे हा मुलगी दाखवण्यासारखाच कार्यक्रम होता, फक्त या खेपेला पोह्यांची बशी ह्यांच्या हातात होती.

विमान निम्मं रिकामं. काय आपलं नशीब, म्हणत मी शमाला रिकाम्या खुर्च्यांवर आडवं केलं. जाणकार लोक याच दिवसांत उलट दिशेने का पळतात, ते दोह्याला विमानाचं दार उघडल्यावर कळलं. उकळत्या पातेल्याचं झाकण काढून आत तोंड घालावं, तशी हवा अंगावर आली.

"थोडं गरम आहे," हे म्हणाले. ह्यांचं बोलणं लग्नापासून असंच मोजकं आहे.

अल मुंतझा भागातला एक फ्लॅट ह्यांच्या सहकाऱ्याने आम्हांला वापरायला दिला होता. तो स्वतः बायकामुलांसह रजेवर केरळात पळाला होता. दुसऱ्या दिवसापासून कतारदर्शन सुरू झालं, तेही गाडीच्या बंद काचेतून. कोर्निश (समुद्रालगतचा रस्ता) दाखवत हे म्हणाले, "डिसेंबरमध्ये इथे लोक चटया टाकून जेवतात." वाळक्या बागेपाशी म्हणाले, "डिसेंबरमध्ये इथे फुलं असतात." डिसेंबरमध्ये ह्यांच्या डोक्यावरही केस उगवत असतील, अशी मला आशा वाटू लागली.

शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी दोह्याच्या दक्षिणेला अल वक्रा नावाच्या कोळ्यांच्या गावी गेलो. समुद्रावर जायचं आणि भेळ नाही, हे मला पटत नाही, म्हणून चुरमुऱ्यांपासून कैरीपर्यंत सगळं मी नाशिकहून आणलं होतं. गाडीतून उतरले तर चष्म्यावर एवढी वाफ धरली की समुद्र कुठल्या बाजूला आहे ते शमाला विचारावं लागलं. ती चपला टाकून पाण्याकडे पळाली आणि त्याहून जोरात परत आली.

"आई, पाण्याला कोणीतरी बंब लावलाय."

चुरमुरे तर चटणी पडण्याआधीच मऊ झाले. ओढून आणलेल्या नावेच्या सावलीत एक म्हातारे कतारी गृहस्थ जाळं दुरुस्त करत होते. त्यांना मी ती भेळ दिली. त्यांनी सभ्यपणे एक घास खाल्ला आणि हिंदीत विचारलं, "बंबई से आया? अभी?"

"हाँ, बच्ची की छुट्टी है."

"हम लोग जुलाई में बंबई जाता. बारिश देखने." मग माझ्याकडे फार दयेने पाहत ते म्हणाले, "तुम दिसंबर में आओ, इन्शाल्ला."

ह्यांनी त्यांना आधी भेटून पढवून ठेवलं असावं, असा मला दाट संशय आला.

परत निघताना गाडीचं मागचं चाक सबख्यात (वरून कोरडी, आतून चिखल अशी खारी जमीन) रुतलं. आता आपण इथेच बोंबिलासारखे वाळणार, हे मी जाहीर केलं. डिकी उघडून ह्यांनी फावडं काढलं, फळ्या काढल्या आणि त्या सराईतपणे चाकाखाली सरकवल्या. आत पाण्याचा कॅन होता, कोरडा शर्ट होता आणि एक घडीची खुर्ची होती.

"हे सगळं नेहमी गाडीत असतं?"

"असतं. रुतते कधीकधी."

"आणि खुर्ची?"

"शुक्रवारी येतो ना मी इथे. बसतो."

"या दिवसांत?"

"खोलीत पत्ते चालतात सगळ्यांचे. मला येत नाहीत." फावडं मारता मारताच हे म्हणाले, "या किनाऱ्याचं तोंड पूर्वेला आहे. सरळ बघत बसलं की पुढे तुम्हीच."

चेष्टा करायला उघडलेलं तोंड मी मिटलं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. तीन वर्षं या माणसाने घरी फोटो पाठवले होते ते सगळे डिसेंबरचे.

आमची निघायची वेळ आली, तेव्हा विमानतळावर हे म्हणाले, "डिसेंबरमध्ये एकदा बघून जा, मग ठरव. क्वार्टर गेली तर गेली."

"अहो, बघून झालं," मी म्हटलं. "उद्याच कळवा, क्वार्टर घेतो म्हणून. आणि अजून एक खुर्ची आणून ठेवा."

"दोन आणा, बाबा," शमा म्हणाली.

ह्यांनी मान हलवली आणि आमची बॅग विनाकारण पुन्हा एकदा बांधली. परत येताना विमान खच्चून भरलं होतं. आमच्याशिवाय सगळ्यांनीच ऋतू नीट निवडला होता.

आता नाशिकला शाळेत राजीनामा देऊन सामान बांधते आहे, आणि शेजारणी विचारतात, तिकडे समुद्रावर फिरायला कधी जावं? डिसेंबरमध्ये, मी सांगते. हवा महाबळेश्वरसारखी असते म्हणतात, मी अजून पाहिलेली नाही. पण आपलं माणूस तिथे एकटं राहत असेल, तर मे महिन्यात जा.